चहाचे जहाज आणि फेरेराची सत्तावीस वर्षे

लंडनच्या ग्रीनिच भागात, थेम्सच्या काठावरील एका कोरड्या गोदीत तीन डोलकाठ्यांचे एक जुने जहाज उभे आहे. त्याचे नाव ‘कटी सार्क’. चीनमधून विलायतेला चहा आणणारे वेगवान शिडाचे जहाज म्हणून ते जगभर प्रसिद्ध आहे आणि पर्यटकही तेच ऐकून परततात. हिशेब मांडला तर चित्र निराळे दिसते. १८७० ते १९२२ अशी बावन्न वर्षे या जहाजाने माल वाहिला. त्यात चहाच्या फेऱ्या अवघ्या आठ. त्याच्या आयुष्याचा सर्वांत मोठा तुकडा, सलग सत्तावीस वर्षे, गेला तो लिस्बनच्या एका मालकाच्या चाकरीत. त्या काळात त्याच्यावर जो ध्वज फडकत होता तोच पणजीच्या सरकारी इमारतींवरही फडकत होता. तरीही या जहाजाच्या चरित्रात पोर्तुगीज पर्वाला बहुधा दोन-चार ओळीच मिळतात.

मालवाहू जहाज सुंदर आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या मालकासाठी दुय्यम असतो. पोटात माल किती मावतो, तो किती दिवसांत पोहोचतो, खलाशी किती लागतात आणि परतताना रिकामे यावे लागते का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर जहाज जगते किंवा मरते. कटी सार्कचा पहिला मालक जॉन विलिस हा लंडनचा मुरलेला जहाजमालक होता. पांढरी उंच टोपी घालण्याच्या सवयीमुळे बंदरात त्याला ‘पांढऱ्या टोपीचा विलिस’ म्हणत. त्याने स्कॉटलंडमधील डंबार्टनच्या ‘स्कॉट अँड लिंटन’ या नव्या कंपनीला टनामागे १७ पौंड या दराने, एकूण सुमारे १६,१५० पौंडांत जहाज बांधून देण्याचा करार करायला लावला. दर इतका घट्ट होता की जहाज पुरे होण्याआधीच बांधणाऱ्यांचे दिवाळे निघाले आणि उरलेले काम डेनी बंधूंनी केले. हर्क्युलिस लिंटनने आखलेले हे जहाज त्याची कीर्ती अमर करून गेले. पैसा मात्र त्याच्या हाती लागला नाही.

बांधणीची रीत समजून घेण्याजोगी आहे. आतला सांगाडा लोखंडाचा आणि त्यावर सागवान व एल्म या लाकडांच्या फळ्या. सांगाडा पूर्ण लाकडी असता तर जाडजूड तुळयांनी पोटातली जागा खाल्ली असती. जहाज पूर्ण लोखंडी असते तर दुसरीच अडचण होती. उष्ण समुद्रात तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटतात व वेग मंदावतो. त्यावर उपाय म्हणजे तळाला तांब्याच्या मिश्रधातूचा पत्रा ठोकणे. पण तो पत्रा लोखंडावर ठोकला तर खाऱ्या पाण्यात लोखंड झपाट्याने झिजते. म्हणून मध्ये लाकूड हवे. ६४ मीटरांहून थोडे अधिक लांब आणि ११ मीटर रुंद अशा या जहाजाची मधली डोलकाठी सुमारे ४७ मीटर उंच होती. शिडांचे एकूण क्षेत्र तीन हजार चौरस मीटरांच्या घरात जाई, आणि त्यांना सांभाळणारे दोर एकापुढे एक मांडले तर अठरा किलोमीटर भरले असते.

२२ नोव्हेंबर १८६९ रोजी जहाज पाण्यात उतरले. नाव घेतले होते रॉबर्ट बर्न्सच्या ‘टॅम ओ’शँटर’ या काव्यातून; कटी सार्क म्हणजे आखूड सदरा. त्या काव्यात तसा सदरा घातलेली नॅनी ही चेटकीण घोड्यावरून पळणाऱ्या टॅमचा पाठलाग करते आणि तिच्या हाती घोड्याचे केवळ शेपूट लागते. जहाजाच्या नाळेवरची बाहुली त्या नॅनीचीच होती आणि तिच्या मुठीत घोड्याच्या शेपटीचे केस असत.

जहाज पाण्यात उतरण्याच्या बरोबर पाच दिवस आधी, १७ नोव्हेंबरला, सुएझ कालवा वाहतुकीस खुला झाला होता. चीन ते लंडन हे अंतर त्यामुळे सुमारे तीन हजार सागरी मैलांनी घटले, पण फक्त वाफेच्या जहाजांसाठी. शिडाच्या जहाजाला कालव्यातून ओढून न्यावे लागे, त्याचे भाडे वेगळे. शिवाय चिंचोळ्या तांबड्या समुद्रातील वारे त्याला साथ देत नसत. त्याला आफ्रिकेचे टोक वळसा घालूनच यावे लागे. चहाच्या शर्यतीसाठी बांधलेले जहाज शर्यत संपत आली तेव्हा धावायला उभे राहिले, असे म्हटले तरी चालेल.

पहिल्या फेरीत, फेब्रुवारी १८७० मध्ये, कप्तान जॉर्ज मूडी मद्य आणि इतर सटरफटर माल घेऊन लंडनहून शांघायला निघाला. ऑक्टोबरात तो १३ लाख पौंडांहून अधिक, म्हणजे जवळजवळ सहाशे टन चहा घेऊन परतला. आपल्याकडच्या खाणपट्ट्यातले दहा टनी साठ ट्रक ओळीने उभे केले की हा बोजा डोळ्यांसमोर येईल. चहा वजनाला हलका आणि जागेला मोठा, त्यामुळे जहाज स्थिर राहावे म्हणून तळात आधी गोट्यांचा थर अंथरत. त्यावर चिनी हमाल लाकडी पेट्या रचत. जहाजाच्या बाजू गोलाकार असल्याने पेट्या आणि भिंत यांत फटी राहू नयेत यासाठी मोगरीने ठोकून पेट्या अशा बसवत की एकही हलू नये. वादळात सुटलेली एक पेटी शेजारच्या दहा फोडते आणि चहाला खाऱ्या पाण्याचा वास लागला की तो मातीमोल होतो. हंगामाचा पहिला चहा लंडनच्या बाजारात आणणाऱ्याला काही काळ जादा भाडे मिळे. सारी धावाधाव त्यासाठी होती.

१८७२ च्या शर्यतीची कथा अनेकदा सांगितली जाते, ती हरण्याची असूनही. त्या जूनमध्ये कटी सार्क आणि ‘थर्मोपिली’ हे तिचे प्रतिस्पर्धी जहाज जवळजवळ एकाच वेळी शांघायहून निघाले. जावाजवळची सुंदा सामुद्रधुनी ओलांडल्यावर कटी सार्कने शेकडो मैलांची आघाडी घेतली. ऑगस्टच्या मध्यास, दक्षिण आफ्रिकेच्या अलीकडे, वादळात तिचे सुकाणू तुटून वाहून गेले. जहाजावर मालकाचा भाऊ रॉबर्ट विलिस होता. त्याने जवळच्या बंदरात शिरण्याचा आग्रह धरला. मूडीने ऐकले नाही. सुतार हेन्री हेंडरसन याच्या हाती काम सोपवले. वर-खाली झुलणाऱ्या डेकवर भट्टी पेटली, जादा काठ्या जोडून सुकाण्याची पाटी घडली, लोखंडी पट्ट्या तापवून वाकवल्या गेल्या. तिकीट न काढता लपून बसलेले दोन प्रवासी आढळले होते; त्यांतला एक जहाजांचा सुतार आणि दुसरा लोहार निघाला, आणि दोघेही कामी आले. भाता चालवायला कप्तानाचा कोवळा मुलगा होता. एका लाटेने भट्टी कलंडली आणि निखारे त्याच्या अंगावर पडले. सहा दिवसांनी तात्पुरते सुकाणू बसले. ते नंतर पुन्हा नादुरुस्त झाले, पुन्हा सावरले. जहाज ऑक्टोबरात लंडनला लागले ते १२२ दिवसांनी, थर्मोपिलीनंतर फक्त एका आठवड्याने. बंदरात वाहवा कटी सार्कचीच झाली. मालकाच्या भावाशी खटके उडालेल्या मूडीने मात्र त्यानंतर जहाज सोडले.

पण खलाशांच्या जिद्दीने भाड्याचे दर वाढत नाहीत. वाफेची जहाजे ठरल्या दिवशी पोहोचू लागली, विम्याचा खर्च कमी झाला आणि व्यापाऱ्यांना शिडाच्या जहाजात चहा भरण्याचे कारण उरले नाही. १८७७ नंतर कटी सार्कला चहाचा माल मिळणे संपले. मग सुरू झाली वणवण. जे मिळेल ते, जिथे मिळेल तिथे. जपानहून चीनला कोळसा, मनिलाहून न्यूयॉर्कला ताग. १८८१ मध्ये कलकत्त्याहून ताग, एरंडेल, चहा आणि ऑस्ट्रेलियाचे टपाल घेऊन ती मेलबर्नला गेली. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी डोलकाठ्यांची उंची कमी करण्यात आली, शिडे घटवली. उंची कमी म्हणजे खलाशी कमी, आणि खलाशी कमी म्हणजे पगार व शिधा कमी.

या काळातल्याच एका फेरीने जहाजाच्या नावाला काळिमा लावला. १८८० मध्ये वेल्सहून जपानमधील अमेरिकी आरमारासाठी कोळसा नेताना सिडनी स्मिथ या मुख्य अधिकाऱ्याने जॉन फ्रान्सिस या कृष्णवर्णीय खलाशाच्या डोक्यात लोखंडी-लाकडी दांडा घातला. फ्रान्सिस मेला. कप्तान वॉलेस स्वभावाने मवाळ. त्याने अधिकाऱ्याला जावाच्या किनाऱ्यावर पळून जाण्यास मदत केली. खलाशांना ते कळताच त्यांनी काम थांबवले. वॉलेस उमेदवार मुलांच्या आणि मोजक्या हातांच्या बळावर पुढे निघाला, आणि वारा पडला. जावाच्या समुद्रात जहाज दिवसचे दिवस एका जागी उभे राहिले. अखेर एके पहाटे वॉलेसने समुद्रात उडी घेतली. स्मिथ पुढे लंडनमध्ये ओळखला गेला. त्याला सदोष मनुष्यवधासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. जोसेफ कॉनरॅडने ‘द सीक्रेट शेअरर’ या कथेचे बीज या घटनेतून घेतले. वॉलेसच्या जागी आलेला ब्रूस हा कप्तान दारुडा निघाला. १८८२ मध्ये जहाज न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा शिधा संपलेला होता आणि वाटेत भेटणाऱ्या जहाजांकडे अन्न मागत ते तिथवर आले होते. ब्रूसला काढून टाकण्यात आले. रोमांचक शर्यतींइतकेच हेही शिडाच्या जहाजावरचे खरे जिणे होते.

त्यानंतर, वयाच्या चौदाव्या वर्षी, जहाजाला त्याचा खरा धंदा सापडला. तो होता ऑस्ट्रेलियाची लोकर. लोकरीचा हंगाम ठरलेला, लंडनचे लिलाव ठरलेले, आणि मार्ग असा की तिथे वाफेच्या जहाजाची मिजास अजून चालत नव्हती. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली पश्चिमेकडून पूर्वेकडे अखंड वारे घोंघावतात. त्यांना अडवायला मोठी भूमी नाही. जाताना आफ्रिकेखालून, येताना दक्षिण अमेरिकेच्या केप हॉर्नला वळसा, असे केले की दोन्ही वेळा वारा पाठीशी. वाफेच्या जहाजाला त्या वाटेवर कोळसा मिळायला ठाणी नव्हती. वारा मात्र फुकट होता. डिसेंबर १८८३ च्या अखेरीस न्यू साउथ वेल्समधील न्यूकॅसल बंदरातून ४,२८९ गाठी लोकर आणि चरबीची बारा पिंपे घेऊन निघालेली कटी सार्क ८३ दिवसांत लंडनला लागली. त्या हंगामातल्या इतर जहाजांपेक्षा ही वेळ पंचवीस दिवसांनी कमी होती.

लोकर भरण्याची कला चहाच्या उलट. चहाच्या पेटीला धक्का लागू द्यायचा नसतो. लोकर दाबता येईल तितकी दाबायची असते. गाठी रचून झाल्या की स्क्रूच्या जॅकने त्या पिळून-दाबून फट काढत आणि फटीत आणखी एक गाठ कोंबत. भाडे गाठींवर होते, म्हणून प्रत्येक जादा गाठ म्हणजे नफा. ओलसर लोकर दाबून भरली तर आत तापून पेट घेण्याची भीती असे, म्हणून भरण्याआधी ती कोरडी असल्याची खात्री करावी लागे.

१८८५ मध्ये रिचर्ड वुडगेट कप्तान झाला आणि जहाजाची दहा वैभवाची वर्षे सुरू झाली. हा माणूस हौशी छायाचित्रकार होता, जहाजावर कॉली जातीचे कुत्रे पाळी, आणि मालाचा मजला रिकामा असला की तिथे सायकल चालवण्याचा सराव करी. वाऱ्याच्या शोधात तो इतरांपेक्षा दक्षिणेला, हिमनगांच्या प्रदेशापर्यंत जाई. पहिल्याच फेरीत त्याने सिडनी ते इंग्लंड हे अंतर ७३ दिवसांत कापले. २५ जुलै १८८९ च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ तर नवलच घडले. पी अँड ओ कंपनीचे ‘ब्रिटानिया’ हे त्या वेळचे नामांकित आगबोटीचे जहाज ताशी पंधराएक सागरी मैलांच्या वेगाने सिडनीकडे चालले असता मागून शिडांचा डोंगर आला आणि पुढे निघून गेला. ती कटी सार्क होती, सतरा सागरी मैलांच्या वेगात.

शिडाने वाफेला मागे टाकल्याचा तो क्षण गोड असला तरी काळ ब्रिटानियासारख्यांचाच होता. याच कंपन्यांच्या आगबोटींवर त्या काळी स्वयंपाकी, बटलर आणि खानसामे म्हणून गोमंतकीय तारवटी मोठ्या संख्येने होते. मुंबईतील गावोगावच्या ‘कुडां’मध्ये मुक्काम करून ते पुढच्या बोटीची वाट पाहत. सुएझने चहाच्या जहाजांचे पोट मारले आणि त्याच कालव्याने वाढवलेल्या आगबोटींच्या रहदारीवर साष्टी-बार्देशातील कित्येक घरे चालली.

लोकरही अखेर आगबोटींनी घेतली. १८९५ मध्ये विलिसने जहाज विकले. खरेदीदार होता लिस्बनचा जुआकिम आंतुनिस फेरेरा, आणि किंमत १,२५० पौंड. मूळ खर्चाच्या तेराव्या हिश्शाहून किंचितच अधिक. जहाजाला मालकाचे आडनाव मिळाले: ‘फेरेरा’. खलाशांनी मात्र जुने नाव सोडले नाही. त्यांनी त्याचे सरळ पोर्तुगीज करून टाकले आणि जहाजाला ‘पेक्वेना कामिझोला’, छोटा सदरा, म्हणू लागले.

इंग्रजी चरित्रकारांना हा ऱ्हासाचा काळ वाटतो. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा शहाणपणाचा सौदा होता. ज्या मालाला घाई नाही तो वाहायला आगबोट परवडत नाही, कारण तिच्या पोटातली बरीच जागा तिचाच कोळसा खातो आणि दर दिवसाचा खर्च चालू राहतो. स्वस्तात घेतलेल्या जुन्या शिडाच्या जहाजाला वाट पाहणे परवडते. मंगळुरी कौले घेऊन गोव्याच्या खाड्यांत शिरणाऱ्या फत्तेमाऱ्या आगबोटी आल्यानंतरही कित्येक दशके टिकून राहिल्या, त्यामागचे गणित हेच. फेरेरा पोर्तुगाल, ब्राझीलमधील रिओ, अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स, आफ्रिकेतील अंगोला आणि मोझांबिक यांच्यामध्ये ये-जा करीत राहिले. त्याच्यावर आधी राजेशाहीचा निळा-पांढरा ध्वज होता. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि तो हिरवा-लाल झाला. विक्रम नाहीत, शर्यती नाहीत, वर्तमानपत्रांत बातमी नाही. सत्तावीस वर्षे खलाशांच्या पिढ्यांनी ते चालते ठेवले आणि त्यांतल्या फार थोड्यांची नावे कुणाला ठाऊक आहेत. ग्रीनिचला आज जे जहाज पाहायला मिळते ते या अनामिकांनी गळती बुजवली, दोर बदलले, डेक घासले म्हणून.

१९१६ मध्ये केप ऑफ गुड होपजवळच्या वादळात जहाजाच्या डोलकाठ्या मोडल्या. त्याला ओढत केप टाउनला नेण्यात आले. महायुद्ध चालू होते, पोर्तुगालही त्यात उतरला होता, आणि मोठ्या काठ्या व सामान मिळणे दुरापास्त. तीनही काठ्यांवर आडवी चौकोनी शिडे असलेली जुनी रचना पुन्हा उभारणे शक्य नव्हते. म्हणून फक्त पुढच्या काठीवर चौकोनी शिडे ठेवून मागच्या दोन काठ्यांवर उभ्या दिशेची शिडे बसवण्यात आली. ही शिडे डेकवर उभे राहूनच ओढता येतात. माणसांना वर चढावे लागत नाही. वेग गेला, देखणेपण गेले, पण जहाज थोड्या माणसांत चालू लागले. एखाद्या श्रीमंत मालकाने अशा वेळी ते भंगारात काढले असते.

१९२२ मध्ये इंग्लिश खाडीतल्या वादळापासून आसरा घेण्यासाठी फेरेरा इंग्लंडच्या फालमथ बंदरात शिरले. तिथे विल्फ्रेड डाउमन नावाचा निवृत्त कप्तान राहत असे. उमेदवारीच्या दिवसांत, १८९० च्या दशकात, त्याने समुद्रात कटी सार्कला आपल्या जहाजाच्या बाजूने झपाट्याने निघून जाताना पाहिले होते. बदललेल्या शिडांखालची ती बांधणी त्याने ओळखली. जहाज लिस्बनला परतल्यावर त्याची विक्री होऊन नव्या पोर्तुगीज मालकाने ‘मारिया दो आम्पारो’ असे नाव ठेवले. आम्पारो म्हणजे आसरा. डाउमनने पिच्छा सोडला नाही. त्याने ३,७५० पौंड मोजून जहाज परत इंग्लंडला आणले. फेरेराने सत्तावीस वर्षांपूर्वी दिलेल्या किमतीच्या ते तिप्पट होते, म्हणजे सत्तावीस वर्षे कमाई करून देऊनही जहाजाने पोर्तुगीज व्यापाऱ्यांना शेवटीही नफाच मिळवून दिला.

फालमथमध्ये डाउमनने जुनी शिडे पुन्हा चढवली आणि जहाजावर मुलांना नौकानयनाचे शिक्षण देण्याची सोय केली. त्याच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी कॅथरीन हिने १९३८ मध्ये जहाज थेम्सवरील नाविक प्रशिक्षण संस्थेला दिले. १९५४ मध्ये ते ग्रीनिचच्या गोदीत आले आणि १९५७ मध्ये लोकांसाठी खुले झाले. २१ मे २००७ च्या पहाटे त्याला आग लागली. नशीब असे की डागडुजीसाठी डोलकाठ्या, नॅनीची बाहुली आणि निम्म्याच्या आसपास फळ्या आधीच काढून इतरत्र ठेवलेल्या होत्या. लोखंडी सांगाडा टिकला. २०१२ मध्ये जहाज पुन्हा उघडले ते गोदीच्या तळापासून सुमारे तीन मीटर वर उचलून, त्यामुळे तांब्याच्या मिश्रधातूच्या पत्र्याने मढवलेल्या तळाखालून आता माणसांना चालत जाता येते.

थर्मोपिलीचेही अखेर पोर्तुगीजांकडेच जाणे झाले. १८९६ मध्ये पोर्तुगीज आरमाराने ते प्रशिक्षणासाठी घेतले आणि गणितज्ञ पेद्रु नुनिश याचे नाव त्याला दिले. त्याला मान होता, गणवेशातले खलाशी होते, माल वाहण्याची दगदग नव्हती. १३ ऑक्टोबर १९०७ रोजी लिस्बनजवळच्या काश्काइश किनाऱ्यासमोर आरमाराने पाणतीर सोडून त्याला जलसमाधी दिली. त्या वर्षी फेरेरा नेहमीप्रमाणे भाड्याचा माल वाहत होते.